फूड पँट्रीत पहिल्यांदा जाताय? मग आधी हे वाचा

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की मला ओळखीतल्या मराठी लोकांचे मेसेज यायला लागतात, ताई आम्हालाही काहीतरी करायचंय, तुमच्या त्या फूड पँट्रीत एकदा येऊन बघता येईल का, मुलांनाही दाखवायचंय. मनापासून विचारतात हे मला माहितीय आणि मी कधी कोणाला नको म्हणत नाही. पण ते "दाखवायचंय" दरवेळी टोचतं, कारण तिथं पिशव्या घेऊन उभे असतात त्यांच्यात तुमच्या मुलाच्या वर्गातल्या मुलाची आई असू शकते, आणि तिला काही दाखवून घ्यायचं नसतं, तिला दूध आणि अंडी घेऊन वेळेत घरी जायचं असतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. मी न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहते, एका चर्चच्या बेसमेंटमधल्या पँट्रीत दर गुरुवारी संध्याकाळी असते, नववं वर्ष चालू आहे. तुमच्या गावातले बारीक नियम वेगळे असतील, ते तिथं विचारून घ्या.

आधी शब्द नीट समजून घ्या

फूड बँक, फूड पँट्री आणि सूप किचन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन माणूस हमखास गोंधळतो. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम, ट्रक, फोर्कलिफ्ट, भलेमोठे कोल्डरूम. तिथून माल गावोगावच्या पँट्रींना जातो. पँट्री म्हणजे जिथून माणूस स्वतः सामान घरी नेतो, आपल्याकडे ज्याला कोरडा शिधा म्हणतात तसं, फक्त त्यात दूध, अंडी, भाजी, फ्रोझन चिकन पण आलं. आणि सूप किचनमध्ये शिजवलेलं जेवण तिथंच बसून जेवतात.

पहिली फूड बँक १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्सला जॉन व्हॅन हेंगल यांनी सुरू केली, सेंट मेरीज नावाने. ते तिथल्या सूप किचनमध्ये काम करायचे आणि तिथं त्यांना एक आई भेटली जी किराणा दुकानांच्या मागच्या कचरापेट्यांतून चांगलं अन्न उचलून मुलांना खाऊ घालत होती. तिनेच म्हटलं की पैसे ठेवायला जशी बँक असते तशी अन्नाचीही हवी, जास्त असेल त्याने ठेवावं, लागेल त्याने काढावं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते कारण मूळ कल्पना लाइनमध्ये उभ्या असलेल्या बाईची होती. आता फीडिंग अमेरिका या नेटवर्कखाली सुमारे २०० फूड बँका आहेत आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्या पँट्री आणि जेवणाच्या जागा ६० हजारांच्या आसपास. आमच्या न्यू जर्सीत कॅथलीन डिकियारा नावाच्या बाईंनी १९७५ मध्ये स्वतःच्या स्टेशन वॅगनमधून सामान वाटायला सुरुवात केली, त्यातूनच आजची कम्युनिटी फूडबँक ऑफ न्यू जर्सी उभी राहिली.

माल कुठून येतो असं सगळेच विचारतात. थोडा सरकारी, म्हणजे कृषी खात्याच्या टीफॅप योजनेतून, थोडा सुपरमार्केटवाले देतात (१९९६ च्या गुड समॅरिटन कायद्यामुळे चांगल्या भावनेने दिलेल्या अन्नावरून त्यांच्यावर दावा लागण्याची भीती राहत नाही), थोडा शाळा, मंदिरं, चर्च, ऑफिसं गोळा करतात, आणि बराचसा फूड बँक आणि पँट्री विकत घेतात. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पँट्री शोधणे आणि आधी विचारणे

२११ वर फोन केला की तुमच्या पिनकोडजवळच्या पँट्री सांगतात, मदत हवी असली तरी आणि करायची असली तरी. गावच्या लायब्ररीत विचारा, टाउनशिपच्या ऑफिसात विचारा. बऱ्याच पँट्री चर्चच्या तळघरात असतात आणि आठवड्यात दोन-तीनदाच काही तास उघडतात, त्यातही बहुतेक वेळा वर्किंग डेला, त्यामुळे "शनिवारी सकाळी येतो" ही आपली सोय तिथं चालेलच असं नाही.

न सांगता जाऊन उभं राहू नका. वाटपाच्या दिवशी तिथल्या कोऑर्डिनेटरला श्वास घ्यायला वेळ नसतो, त्यात चार माणसांचं कुटुंब येऊन "आम्हाला जरा बघायचंय" म्हणालं तर तिने काय करावं. ईमेल करा आणि साधं लिहा की मी नवीन आहे, दोन-तीन तास द्यायला तयार आहे, कुठल्या दिवशी माणूस कमी पडतो. शेवटचा प्रश्न जरूर विचारा, त्याने पुढचं सगळं सोपं होतं.

ऑफिसची वीस-पंचवीस जणांची टीम असेल तर पँट्रीत नकोच, सरळ फूड बँकेच्या गोदामात जा, तिथं सॉर्टिंगसाठी मोठे ग्रुप लागतात. आमच्या तळघरात बारा कुटुंबं खरेदी करत असताना एकसारख्या टीशर्टातली वीस माणसं भिंतीला टेकून उभी होती असं एकदा झालं, आणि त्या संध्याकाळी दोन बायका दारातूनच परत गेल्या. एक जण तर जिन्यावरून उलट वळताना मी बघितली. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

व्हिसाचं विचारतात म्हणून सांगते. एच-४ वर (नोकरीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) किंवा एफ-१ वर (विद्यार्थ्यांचा) असलेले खूप जण आमच्याकडे व्हॉलंटियर म्हणून येतात, नॉन-प्रॉफिटमध्ये जे काम मुळात व्हॉलंटियरच करतात ते फुकट करायला साधारणपणे अडचण नसते. पण ज्या कामाचा तिथं दुसऱ्या कोणाला पगार मिळतो ते काम "अनुभवासाठी" म्हणून करू नका, आणि बदल्यात गिफ्ट कार्ड वगैरे काहीही घेऊ नका. शंका आली तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला किंवा युनिव्हर्सिटीच्या ऑफिसला विचारा, माझ्यावर विसंबू नका.

जाताना

बंद बूट, जुने कपडे, केस बांधलेले, आणि एक जाकीट, कारण कूलरमधून आत-बाहेर करावं लागतं आणि कधी कधी पार्किंगमध्येही उभं राहावं लागतं. भारी पर्फ्युम नको, बंद तळघरात लोकांना त्रास होतो. सोन्याचं काही घालू नका. फोन गाडीत ठेवा, हे मी विनंती म्हणून नाही, नियम म्हणून सांगतेय. तुम्ही सेल्फी स्वतःचा काढता पण मागे कोणाचा तरी चेहरा येतो, आणि तो फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की संपलं.

मुलांना न्यायचं असेल तर वयाची अट आधी विचारा. लहान मुलांना वाटपाच्या वेळी नेण्यापेक्षा आदल्या दिवशी माल लावायला न्या. डबे मोजायला, बटाटे पिशवीत भरायला त्यांना आवडतं, आणि कोणी त्यांच्याकडे बघत नाही, ते कोणाकडे बघत नाहीत.

पहिलं काम: बहुतेक सॉर्टिंगच मिळेल

नवीन माणसाला आधी मागच्या खोलीत डोनेशनचे खोके उघडायला देतात. कंटाळवाणं वाटेल पण इथंच सगळं शिकायला मिळतं. फुगलेला डबा, गळका डबा, कडेच्या शिवणीवर चेपलेला डबा सरळ बाहेर. नुसता मधे थोडा चेपलेला चालतो. उघडलेलं पाकीट नाही. घरी केलेलं काही नाही, आणि इथं आपल्या लोकांना वाईट वाटतं कारण आपण प्रेमाने चिवडा, लाडू करून आणतो, पण त्यावर लेबल नसतं, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर काय, म्हणून घेता येत नाही.

तारखांबद्दल एक गोष्ट ऐकून सगळे चकित होतात. पाकिटावर "बेस्ट बाय" लिहिलेलं असतं ती तारीख चवीची असते, त्यानंतर वस्तू विषारी होत नाही. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे तारीख सक्तीची आहे ती फक्त बाळाच्या फॉर्म्युलावर, आणि ती मात्र कडक पाळायची, एक दिवस उलटला तरी फेकायचं. बाकी मालासाठी फूड बँकेकडून एक तक्ता येतो, कुठला डबा तारखेनंतर किती महिने चालतो त्याचा, तो भिंतीवर असतो, तो बघायचा. पण मनात एक प्रश्न ठेवा, हे मी माझ्या घरच्या कपाटात ठेवलं असतं का. कोणीतरी आपलं कपाट रिकामं करायला दहा वर्षांपूर्वीचा मसाला पँट्रीत पाठवतं, आणि तो खोका उघडताना मला अक्षरशः लाज वाटते, पाठवणाऱ्याची नाही, तो ज्याच्या हातात पडला असता त्याच्यासमोर.

चेक-इनचं टेबल

चार-पाच वेळा आलात की कदाचित पुढे दारापाशी बसायला सांगतील. आमच्याकडे नाव, पिनकोड, घरात माणसं किती, त्यात लहान मुलं आणि साठीपुढचे किती, एवढं विचारतो, आणि उत्पन्न मर्यादेच्या आत आहे असं ते स्वतः सांगून सही करतात. पगाराची स्लिप मागत नाही. भिंतीवर "अँड जस्टिस फॉर ऑल" असं मोठं पोस्टर दिसेल, ते सरकारी माल वाटणाऱ्या जागी लावावंच लागतं, कोणाशी भेदभाव झाला तर तक्रार कुठे करायची ते त्यावर असतं. त्याचं छोटं ट्रेनिंगही तुम्हाला देतील, लक्ष देऊन करा. जागा चर्चची असली तरी सामान देण्यासाठी प्रार्थनेला बसायची अट घालता येत नाही, हेही त्यात येतं.

आता आपल्या सवयीबद्दल. आपण मराठी माणसं भेटलो की पाचव्या मिनिटाला विचारतो, तुम्ही मूळचे कुठले, मुलगा काय करतो, कुठल्या व्हिसावर, स्वतःचं घर का भाड्याचं. आपुलकीनेच विचारतो. पण या टेबलावर त्यातला प्रत्येक प्रश्न समोरच्याला चौकशीसारखा लागतो. फॉर्मवर जेवढं आहे तेवढंच विचारायचं. कागदपत्रांचा, व्हिसाचा तर शब्दही काढायचा नाही. आणि "काय झालं, कशामुळे वेळ आली" हे कधीच नाही.

मी लहानपणी आईबरोबर रेशनच्या लाइनमध्ये उभी राहिलेय, साखर आणि रॉकेलसाठी. तिथला माणूस कार्ड न बघता नुसतं "पुढे" म्हणायचा आणि आई घरी येईपर्यंत गप्प असायची. साखर पूर्ण मिळाली तरी गप्प असायची. म्हणून मी चेक-इनला प्रत्येकाचं नाव वाचते आणि नावाने बोलते, चुकलं तर कसं म्हणायचं ते विचारून घेते. एवढ्याने टेबलाच्या पलीकडचे खांदे जरा खाली येतात, तुम्हीच बघाल.

बरोबर कार्ट घेऊन फिरणं

पूर्वी तयार पिशवी द्यायचे, त्यात जे असेल ते घ्या. आता खूप पँट्री दुकानासारख्या झाल्यात, माणूस रॅकमधून स्वतः निवडतो, घरातल्या माणसांप्रमाणे कशाचे किती घ्यायचे ते ठरलेलं असतं. तुमचं काम बरोबर फिरायचं, जड उचलायचं, मर्यादा सांगायची. मला सगळ्यात आवडतं ते काम हेच.

काही गोष्टी मला फिरता फिरताच कळल्या. एक बाई टोमॅटोचे डबे उचलून परत ठेवत होत्या, मी दोनदा "घ्या ना" म्हटलं, तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या ओपनर नाहीये. मोटेलमध्ये राहत होत्या, एक मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज. तेव्हापासून आम्ही वरून ओढून उघडणारे डबे वेगळ्या रॅकवर ठेवतो आणि दारातच सांगतो. डायबिटीसवाले आजोबा पांढरा ब्रेड नको म्हणतात तेव्हा ते नखरे करत नसतात. साबण, टूथपेस्ट, डायपर, टॉयलेट पेपर आले की पहिल्या तासात संपतात, कारण कमी उत्पन्नाच्या घरांना किराण्यासाठी सरकार पैसे घालून देतं त्या स्नॅप कार्डवर, ज्याला लोक अजून फूड स्टँप म्हणतात, यातलं काहीच घेता येत नाही, गरम तयार जेवणही नाही. ज्यांना द्यायचंय आणि काय द्यावं सुचत नाही त्यांनी डायपर द्या, मोठ्या साइझचे, कारण सगळे लहान साइझचेच आणतात.

स्पॅनिश चार शब्द पाठ करा. आर्रोस म्हणजे तांदूळ, फ्रिहोलेस म्हणजे बीन्स, लेचे दूध, वेवोस अंडी, आणि आल्या आल्या ब्वेनास तार्देस म्हणजे गुड आफ्टरनून. चुकीचं बोललात तरी समोरचं माणूस सुधारून सांगतं आणि गप्पा सुरू होतात.

आणि गाडी. दर वेळी कोणीतरी नवीन व्हॉलंटियर माझ्या कानात सांगतो, अहो बाहेर बघा ती केवढ्या गाडीतून आली. गाडी नोकरी होती तेव्हाची असते, हप्ते आताचे असतात. किंवा शेजारणीची असते, किंवा ती बाई स्वतःसाठी आलेलीच नसते, वरच्या मजल्यावरच्या गुडघेदुखीवाल्या आजींची चिठ्ठी घेऊन आलेली असते. आमच्याकडे येणाऱ्यांत घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या बायका आहेत, वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करणारे आहेत, टॅक्सी चालवणारे, फक्त सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे सरकारी पेन्शनवर जगणारे आहेत. काम करणारी माणसं आहेत ही, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जास्त येतात कारण तोपर्यंत कार्डावरचे पैसे संपलेले असतात. २०२३ मध्ये कृषी खात्याच्या हिशेबाने देशातल्या १३.५ टक्के घरांना कधी ना कधी पुरेसं अन्न मिळवायची अडचण आली होती, म्हणजे १ कोटी ८० लाख घरं. आणि २०२५ च्या शटडाऊनमध्ये, केंद्र सरकारचं कामकाज बंद पडून नोव्हेंबरचे स्नॅपचे पैसे अडकले तेव्हा आमच्या दारात जे लोक पहिल्यांदा आले त्यांतले कित्येक जण रांगेत कसं उभं राहायचं तेही विचारत होते.

बोलायचं काय मग? सामानाबद्दल बोला. आज कांदे चांगले आलेत, या भोपळ्याचं तुम्ही काय करता. मला एका हैतीच्या आजींनी भोपळ्याचं सूप शिकवलं आणि मी त्यांना घारग्यांचं सांगितलं, पुढच्या गुरुवारी त्या करून बघितल्याचं सांगायला आल्या. ते स्वतः काही सांगायला लागले, नवऱ्याचं आजारपण, घरमालकाची नोटीस, तर थांबून ऐका, कार्ट बाजूला घ्या म्हणजे मागच्यांना जाता येईल. सल्ला देऊ नका, स्वतःच्या खिशातून पैसे काढू नका, घरी सोडायचं वचन देऊ नका. कोऑर्डिनेटरकडे घेऊन जा, भाड्याची, लाइटबिलाची मदत कुठे मिळते ते तिला माहीत असतं.

आणि आपलंच माणूस समोर आलं तर

ही पायरी कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नसते म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

तिसऱ्या वर्षी एकदा चेक-इनला एक आजी आल्या, साडीवर जाड कोट, हातात कापडी पिशवी. नाव सांगितलं आणि मी आडनावावरून ओळखून खूश होऊन मोठ्याने म्हटलं, अहो आजी तुम्ही मराठी! या ना, बसा ना, कुठल्या तुम्ही? त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मागे वळून बघितलं कोणी ऐकलं का ते, मग हिंदीत म्हणाल्या की चुकून आले, आणि निघून गेल्या. रिकामी पिशवी घेऊन. मला वाटलं होतं आपलं माणूस दिसल्यावर त्यांना बरं वाटेल. मला बरं वाटलं होतं, त्यांच्यासाठी मी म्हणजे गावात बातमी नेणारी बाई होते. दोष पूर्ण माझा होता.

चार आठवड्यांनी त्या परत आल्या. मी टेबलावरून उठून दुसऱ्या व्हॉलंटियरला बसवलं आणि मागे बटाटे भरायला गेले. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्याच मागे माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, तूरडाळ असते का हो कधी? डब्यातल्या बीन्सनी यांना गॅस होतो. बस, तेवढंच. पुढे सगळं हळूहळू कळलं, तेही त्यांनी सांगितलं तेवढंच, मी विचारलं नाही. मुलाने ग्रीनकार्डवर आणलेले आईवडील असतात त्यांना साधारण पहिली पाच वर्षं स्नॅप मिळत नाही, आणि मुलाची नोकरी गेली की ते मुलाला काही बोलत नाहीत, आपलं आपण पिशवी घेऊन निघतात.

तर नियम असा. ओळखीचं कोणी दिसलं तर आधी तुम्ही हात करायचा नाही, त्यांना ठरवू द्या. त्यांनी ओळख दाखवली तर साधं हसून "या" म्हणा, जसं दुकानात म्हटलं असतं. त्यांनी नजर फिरवली तर तुम्हाला मागच्या खोलीत काहीतरी काम आठवलंच पाहिजे. नंतर गणपतीत, मंदिरात, शाळेच्या कार्यक्रमात भेटले तर पँट्रीचा विषय काढायचा नाही, "परत या हं" सुद्धा नाही. आणि घरी नवऱ्याला, बायकोला नाव सांगायचं नाही. घरी सांगितलेलं बाहेर जातंच.

त्या तूरडाळीवरून आम्ही मंडळात बोललो, कोणाचंही नाव न घेता, आणि त्या गणपतीपासून आरतीच्या हॉलबाहेर शिध्याची टोपली ठेवायला लागलो. तूरडाळ, मूगडाळ, पोहे, आटा, तेल. दोन-दोन पौंडांची कंपनीची बंद पाकिटं, इंग्लिश लेबलवाली, कारण वीस पौंडांचं पोतं आणलं तर ते फोडून पिशव्या भरायला परवानगीचं किचन लागतं आणि ते आमच्याकडे नाही. मूगडाळ आता बांगलादेशी आणि गुजराती घरंही नेतात, आणि पोहे कसे करायचे ते मी एका मोठ्या कागदावर चित्रं काढून रॅकवर लावलंय.

तुम्हाला स्वतःलाच गरज असेल तर

हे वाचणाऱ्यांत असेही असतील. लेऑफ झालाय, वर्क व्हिसावर नवीन नोकरी शोधायला मिळणाऱ्या साठ दिवसांचं घड्याळ चालू आहे, किंवा मास्टर्सला आलाय आणि भाडं दिल्यावर हातात काही उरत नाही. जा. कॉलेजात असाल तर कॅम्पसवरच पँट्री असते, रटगर्सला आहे, खूप युनिव्हर्सिट्यांत आहे, स्टुडंट आयडी बहुतेक पुरतं. बाहेरच्या पँट्रीत जाताना आधी फोन करून विचारा काय आणायचं, बऱ्याच ठिकाणी नाव-पत्ताच पुरतो. दोन मजबूत पिशव्या न्या. उघडायच्या वेळी सगळ्यात मोठी लाइन असते, अर्ध्या तासाने गेलात तर बरं पडतं, अगदी शेवटी गेलात तर भाजी संपलेली असते. शाकाहारी आहात हे दारातच सांगा, मग टूना आणि चिकनच्या जागी पीनट बटर, बीन्स, जास्त भाजी मिळू शकते. तुम्ही नेलं म्हणून दुसऱ्या कोणाचं कमी होईल ही भीती मनातून काढा, माल फिरण्यासाठीच असतो, आणि आमच्या तीन चांगल्या व्हॉलंटियर मुली पहिल्यांदा पिशवी घेऊनच आल्या होत्या.

संपतं तेव्हा

एक गोष्ट जड जाणार आहे, तयारी ठेवा. अंडी संपतात. साडेसातला आलेल्या माणसाला तुम्हाला सांगावं लागतं की आज नाहीत. लांबण लावून माफी मागू नका, खोटं "पुढच्या वेळी नक्की" म्हणू नका. आज संपली, दूध आहे, टोफू आहे, चालेल का, असं सरळ विचारा. आणि लपवून ओळखीच्या कोणासाठी एक डझन बाजूला ठेवू नका, त्या आजींसाठी सुद्धा मी ठेवत नाही, ते मला किती कठीण जातं ते माझं मला माहीत.

परत कधी यायचं

थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे इतके लोक येतात की काही जणांना नम्रपणे परत पाठवावं लागतं. माणूस लागतो तो जानेवारी-फेब्रुवारीत बर्फात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये, शाळा बंद असतात, मुलांचं शाळेतलं जेवण बंद असतं, घरखर्च वाढतो आणि व्हॉलंटियर भारतात गेलेले असतात. महिन्यातून एकच शिफ्ट घ्या पण तीच घ्या, महिन्याचा दुसरा गुरुवार म्हणजे दुसरा गुरुवारच. लोक तुमचा चेहरा ओळखायला लागायला तीन-चार महिने लागतात, त्यानंतरच कोणी तुमच्याकडे हळू आवाजात काही मागतं.

वेळ नसेल तर पैसे द्या, सामानापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो, कारण पँट्री फूड बँकेकडून आणि घाऊक दराने माल घेते, तुम्ही दुकानातून पूर्ण किमतीत घेतलेल्या एका डब्याच्या पैशात तिला बरंच जास्त मिळतं, शिवाय त्या आठवड्यात जे कमी असेल तेच घेता येतं. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पोस्टमन घरोघरून डबे गोळा करतात, १९९३ पासून देशभर चालू आहे, त्या दिवशी मेलबॉक्सपाशी एक पिशवी ठेवली तरी पुरे, आणि मग सोमवारी सॉर्टिंगला या, तेव्हा आमचं तळघर छतापर्यंत भरलेलं असतं.

पहिल्या दिवशी निघताना खोके मोडून रिसायकलमध्ये टाका, फरशी पुसायला थांबा, आणि दाराजवळच्या कॅलेंडरवर पुढची तारीख लिहूनच जा. मिडलसेक्समध्ये राहत असाल आणि कुठे जायचं ठरत नसेल तर मला लिहा, फेब्रुवारीच्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाच ते आठ आमच्याकडे दोन माणसं कमी आहेत, एक कूलरपाशी आणि एक जिन्यावर, गाडीपर्यंत पिशव्या पोचवायला.